व्हायोलेटबाईंचं खोडलेलं वाक्य

हे मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. इथल्या टेनिस क्लबाच्या जुन्या स्मरणिकेत तुम्ही व्हायोलेटबाईंचं चरित्र वाचलं असेल. ते लिहिणारा मास्तर मीच.

बाई इंग्लंडच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पायघोळ झगा घालून त्यांनी तिकडचं टेनिस गाजवलं. पुढं एका सरदार घराण्यातल्या मुलींना शिकवायला कोल्हापुरात आल्या, इथल्याच झाल्या आणि क्लबात मुलींना टेनिस शिकवू लागल्या. मराठी बोलत त्या इथल्या बायकांसारखी, रांगडी, ‘मी आलो, मी गेलो’ अशी. ती वाचता मात्र येत नसे.

एकोणीसशे साठनंतर एकदा, चार संध्याकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं. शेवटी आपल्या सर्वांत मोठ्या विजयावर आल्या. समोरच्या बाईचा शेवटचा चेंडू. पंच म्हणाले, बाहेर.

“रेषेवरची चुन्याची फक्की उडाल्याली मी बघितली, मास्तर. आत हुता चेंडू. मी गप बसलो आनि कप घेतला. ह्ये लिवायचंच. न्हायतर बाकीचं बी लिवू नगा.”

मी लिहिलं. आणि छापायला देताना — खोडलं. का? त्यांची अब्रू राखायला? तसं स्वतःला कितीदा सांगितलं! पण खोटं जिंकलेल्या बाईच्या चरित्राला वाहवा कोण देणार? ती वाहवा मला हवी होती.

इथं थांबलो असतो तरी — पण नाही. स्मरणिका आली. व्हरांड्यात बसून बाई म्हणाल्या, “वाचा.” मी वाचत गेलो आणि खोडलेलं वाक्य तोंडपाठ म्हटलं. छापील पानावर बोट ठेवून!

“समद्यांस्नी कळलं न्हवं आता?”

“व्हय, बाई.”

“शिव्या घालत्यात?”

“न्हाय. मान देत्यात.”

त्या खळखळून हसल्या. “लई दिस वझं वागवलं की मी!”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी क्लबातल्या मुलींना नियम घातला — समोरचीचा चेंडू आत पडला, तर ते पंचाआधी आपणच सांगायचं. बघे चेष्टा करत, “काय पोरी हायत, हरायला शिकत्यात!” मुली हरतही. पण सांगत. बाई वारल्या त्या, आपलं खोटं सगळ्या गावाला ठाऊक आहे असं समजूनच.

त्या मुलींतलीच एक आज क्लबात शिकवते. तीच आता ती जुनी स्मरणिका पुन्हा काढते आहे. गेल्या आठवड्यात मी तिला ते खोडलेलं वाक्य दिलं. तिनं उभ्याउभ्या वाचलं.

“मास्तर, त्यो नियम कुठनं आला, ते आज कळलं. पहिल्या पानावर घेतो हे.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “आनि तुमचं तुम्ही लिवा.”

तेच हे. बाईंना आपला खोटेपणा सांगायचा होता. मी तो सांगू दिला नाही, आणि सांगितलाय असं त्यांना भासवलं. आता त्यांचं वाक्य छापायला गेलं आहे. हे त्याच्या मागोमाग जाईल.