पोटभाडेकरू

वेंडेल गॅस्किन्सचा घात केला तो त्याच्या चांगल्या वळणाने. मिस अर्लीनला मूठमाती देऊन आठवडाही झाला नसेल, तोच इमारतीच्या मालक कंपनीचा एक माणूस दारात उभा राहिला. हातात फुलं आणि तोंडावर दुःख, दोन्ही कंपनीच्या खर्चाने. "फार वाईट झालं हो," म्हणाला, "आपण त्यांचे कोण?" वेंडेल अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बाईच्या हाताखाली वाढलेला काळा माणूस. अशा घरात मुलांना पहिला धडा मिळतो तो हा, की आपलं असलं तरी आपलं आपलं करू नये. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मिस अर्लीननी मोठ्या मनाने मला मागची खोली दिली होती, साहेब. त्यांचे उपकार."

झालं! त्या माणसाने फुलं ठेवली आणि हे वाक्य नेलं. महिन्याभरात वकिलाची नोटीस आली, की मूळ भाडेकरू वारली असून सदर इसम तिचा पोटभाडेकरू होता, हे त्याने स्वतःच कबूल केलं आहे, सबब त्याने सामान उचलावं.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची, ब्राँक्समधली. तिथल्या जुन्या इमारतींत जुन्या भाडेकरूचं भाडं कायद्याने बांधलेलं असतं. म्हातारं माणूस गेलं तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला तेच घर तशाच भाड्यात मिळतं. रक्ताचं नातं नसलं तरी चालतं, पण आई-मुलासारखे राहत होतो हे कोर्टात पटवून द्यावं लागतं. पोटभाडेकरूला मात्र दरवाजा. तो गेला की कंपनी भिंतींना पांढरा रंग फासते, चकचकीत नळ बसवते आणि असं भाडं सांगते, की शाळेची बस चालवणाऱ्या माणसाने ते नुसतं ऐकावं आणि शहर सोडून जावं. पन्नाशीच्या वेंडेलला जायला दुसरी जागा नव्हती. बायकोशी फारकत होऊन वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. जे काय होतं ते चौथ्या मजल्यावरचं ते मागच्या अंगाचं घर. हिवाळ्यात तिथला ऊब देणारा रेडिएटर असा तापायचा, की बाहेर बर्फ पडत असताना खिडकी उघडी टाकून झोपावं लागे.

त्या घरात तो नऊ वर्षांचा असताना आला. त्याची आई जॅनिस दुसऱ्या मजल्यावर राहायची. बाल्टिमोरला कसलंसं काम मिळतंय म्हणाली, आणि आठवडाभर पोराला सांभाळ म्हणून वरच्या मिस अर्लीनकडे सोडून गेली. तो आठवडा काही संपला नाही. सुरुवातीला दोन-चार चित्रांची कार्डं आली, मग तीही थांबली. मिस अर्लीन विधवा, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी घडी करणारी, बोलायला कडक. तिने पोराला अंथरूण दिलं, शाळेत घातलं, रविवारी गळ्याशी घट्ट बटण लावून चर्चला नेलं. एकदा, असाच दहा-अकरा वर्षांचा असेल, जेवताना त्याच्या तोंडून चुकून "ममा" निघून गेलं. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"काय म्हणालास?"

"काही नाही, मिस अर्लीन."

"हे बघ वेंडेल. ती जागा तुझ्या आईची आहे. उद्या ती दारात आली आणि तिच्या जागेवर मी बसलेली दिसले, तर तिने कुठे बसायचं? मी मिस अर्लीन. तेवढं पुरे आहे मला."

पोरगं खाली मान घालून जेवलं. जॅनिस त्यानंतर कधीच आली नाही. पण जागा तशीच राखून ठेवलेली राहिली.

आता त्यांच्यात 'मिस' म्हणण्यात वावगं काही नाही. मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारली तर तिथे थोबाडीत बसते. बाई कुमारिका असो, विधवा असो, नाहीतर चार नातवंडांची आजी, नावाआधी मिस लागलंच पाहिजे. आपल्याकडे नाही का, अख्खं घर वहिनी म्हणतं म्हणून पोटची मुलंही आईला वहिनी म्हणायची? पण हे वहिनीच्या घरात वाढलेल्याला कळतं, परक्या वकिलाला कसं कळावं?

पुढे वेंडेलने लग्न करून नदीपलीकडे बिऱ्हाड केलं. ते मोडलं, आणि त्याच सुमारास मिस अर्लीनचे गुडघे गेले. तो परत आला तो आलाच. तिला आंघोळीला धरून न्यायचा, गोळ्या द्यायचा, शुक्रवारी पगारातले पैसे साखरेच्या डब्याखाली ठेवायचा. हातात दिले तर ती घेत नसे. एवढं करूनही दोघांत गोड बोलणं म्हणून नव्हतं. बसची फेरी संपली की तो कोपऱ्यावरच्या दुकानापुढे डॉमिनोच्या सोंगट्या खेळणाऱ्यांत रेंगाळायचा. उठू लागला की ते चिडवायचे, "बस रे! घरी कोण वाट बघतंय तुझी?" हा हसून आणखी एक डाव टाकायचा. खोटं काय होतं त्यात? दार उघडलं की आतून एकच वाक्य यायचं, "आलास? पाय पूस."

कोर्टाच्या तारखेआधी फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेतली नओमी नावाची तरुण वकीलबाई त्याला बाकावर बसवून पढवत होती. ते घरभाड्याचं कोर्ट म्हणजे सगळ्या शहराचं रडगाणं एका लांबलचक बोळात कोंबलेलं.

"मिस्टर गॅस्किन्स, तुम्हाला एकच वाक्य म्हणायचंय. 'ती मला आईसारखी होती.' बस्स."

"ते मी नाही म्हणणार."

"अहो, पण खरंच आहे ना ते?"

"खरं-खोटं तुम्ही बघा, बाई. तिने मला बजावलं होतं. ती जिवंत असताना म्हटलं नाही आणि आता घरासाठी म्हणू? वरून बघत असेल तर कान उपटेल माझे."

"तुमचं घर जाईल हो!" नओमीच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"ते कळतंय मला," वेंडेल म्हणाला. आणि त्याला ते खरंच कळत होतं. गेले कित्येक दिवस तो त्या घरातल्या भिंतीवरून हात फिरवत होता, न्हाणीघरातली गळकी तोटी दुरुस्त करत होता, जणू घर नीट वागलं तर मालक त्याला ठेवून घेईल.

कंपनीचा वकील गोड होता. गोड माणसाची भीती बाळगावी ती उगाच नाही.

"तुम्ही त्यांना मिस अर्लीन म्हणायचात?"

"हो साहेब."

"नेहमी? आजारपणातही?"

"हो साहेब."

"आणि तुमच्या आईला काय म्हणायचात?"

"ममा."

"म्हणजे या दोन शब्दांतला फरक तुम्हाला कळत होता."

"हो साहेब. कळत होता."

"दर शुक्रवारी तुम्ही त्यांना पैसे देत होतात. खोलीबद्दल."

"घरासाठी, साहेब."

"मागची खोली त्यांनी मोठ्या मनाने दिली, उपकार केले, हे शब्द तुमचेच?"

"माझेच."

वकील न्यायाधीशबाईंकडे वळून किंचित वाकला आणि बसला. माय मरो आणि मावशी उरो, अशी आपल्यात म्हण आहे. पण मावशी मेल्यावर काय करावं, हे म्हणीत सांगितलेलं नाही. वेंडेल खाली येऊन बसला तेव्हा नओमीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग साक्षीला समोरच्या घरातली आल्ताग्रासिया आली. डोमिनिकन म्हातारी, अंगात ठेवणीतला निळा कोट, हातात केवढी तरी पर्स. तिला इंग्रजी येत नव्हतं, मिस अर्लीनला स्पॅनिश येत नव्हतं, आणि तरी वीस-बावीस वर्षं त्या दोघींच्या दारांमधून ताटल्या फिरत होत्या. इकडून रताळ्याचं गोड पुरण भरून भाजलेली पोळी गेली, की तिकडून ईस्टरला शेंगदाण्यांची, चुकलो, राजम्याची खीर यायची. रिकामी ताटली दोघींपैकी एकीनेही कधी परत केली नाही. कोर्टाने दुभाष्या दिला होता.

"हा माणूस त्यांना पैसे द्यायचा, हे तुम्हाला माहीत होतं?" वकिलाने विचारलं.

"माझाही मुलगा देतो," आल्ताग्रासिया म्हणाली. "का, तुमच्या आईला तुम्ही काही देत नाही?"

बाकांवर हशा पिकला. वकील पण हसला, आणि खाली बसला. नओमी उठली.

"मिस अर्लीन मिस्टर गॅस्किन्सना काय म्हणून हाक मारायच्या?"

"तोंडावर? वेंडेल. रागावली की सगळं नाव, आडनावासकट."

"आणि पाठीमागे?"

म्हातारीने एकदा वेंडेलकडे बघितलं. मग पर्स मांडीवर नीट ठेवली.

"माझी खिडकी रस्त्यावर आहे, तिची मागच्या अंगाला. तिला रस्ता दिसत नाही. गुडघे गेल्यावर ती रोज संध्याकाळी काठी टेकत माझ्या दाराशी यायची आणि एकच विचारायची. एवढंच स्पॅनिश येत होतं तिला. माझ्याकडूनच शिकली, मुद्दाम येऊन. विचारायची, 'मि इहो?'"

दुभाष्याने तोंड उघडण्याआधीच वेंडेलने मान वर केली. एवढं स्पॅनिश ब्राँक्समधल्या मांजरालाही कळतं. तरी दुभाष्याने आपलं काम केलं, सपाट आवाजात. "माझा मुलगा?"

"हरकत!" कंपनीचा वकील उठला. "ऐकीव गोष्ट."

"बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "बाई, पुढे सांगा."

"पुढे काय? मी खिडकीतून बघायची. दिसला तर 'आला' म्हणायची. मग ती घाईघाईने जाऊन आपल्या खुर्चीत बसायची, जशी काही उठलीच नव्हती. नाही दिसला तर तिथेच दाराला टेकून उभी. बस म्हटलं तरी बसायची नाही. मी एकदा खुणेने म्हटलं, अगं, त्याच्यासमोर म्हण ना. तर ओठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'त्याची ममा, त्याची ममा.' मला कळलं. तिच्या भाषेत तो शब्द दुसऱ्या बाईचा होता. म्हणून माझ्या भाषेत म्हणायची."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. मग वेंडेलला विचारलं, त्याला आणखी काही सांगायचं आहे का. नओमीने त्याला कोपराने ढोसलं. आता तरी म्हण, आता तर मोकळीक मिळाली, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

वेंडेल उभा राहिला. टोपी दोन्ही हातांनी चुरगाळत होता.

"मी कोपऱ्यावर डॉमिनो खेळत बसायचो, बाई," तो म्हणाला. "रोज. एक डाव, अजून एक डाव. मला वाटायचं, घरी कोण वाट बघतंय." त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि शेवटी नओमीने त्याला हाताला धरून खाली बसवलं.

निकाल वेंडेलच्या बाजूने लागला. कंपनीने वर अपील केलं, ते वर्षभर रेंगाळलं आणि फेटाळलं गेलं. घराचा भाडेकरार आज त्याच्या नावावर आहे, रेडिएटर तसाच तापतो, तोटी पुन्हा गळायला लागली आहे.

कोपऱ्यावरचे खेळणारे अजून चिडवतात, "अरे बस की जरा! आता तर खरंच कोणी नाही घरी!" ते बरोबरच आहे. आल्ताग्रासियाही गेली, तिच्या खिडकीत आता दुसऱ्याच कोणाचे पडदे आहेत. पण बसची फेरी संपली की वेंडेल कुठे थांबत नाही. सरळ घरी येतो, आणि दारात पाय पुसतो.