खाली लागू नये म्हणून

बाबांना येऊन आठवडाही झाला नव्हता, तर परतीच्या तिकिटाचं विचारायला लागले. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायला मला त्यांना इतक्यात पाठवायचंच नव्हतं. चांगला तीन महिन्यांचा व्हिसा होता. पण इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये त्यांनी करायचं काय? सकाळपासून खिडकीबाहेरचं गुंडाळतं शटर, ते रोलाडेन, वर कर, खाली कर. गॅलरीत जा, आत ये. "काही काम आहे का गं?" त्यांच्या चपला वाजल्या की मला वाटायचं, आता तिकिटाचं काढतील.

त्यातच एका शनिवारी नवऱ्याने केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, बिअरचा घाट घातला. हा गृहस्थ नोकरीत दिवसभर गाड्यांच्या बॅटऱ्या गार ठेवतो, आणि घरी पातेलं करपवतो! मोठं स्टीलचं पातेलं, तळाशी विजेची कॉइल, वर भरडलेल्या बार्लीचा दाट लगदा. कॉइल तापते, लगदा जागचा हलत नाही, मग तिथेच चिकटून काळा होतो आणि सगळ्या बिअरला तोच वास. आधीचा अख्खा घाणा आम्ही ओतून दिला होता.

बाबा जिना उतरून आले, नाक फेंदारलं. "जावईबापू, खाली लागतंय बरं का!" जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण बाह्या सरसावल्या, लांब लाकडी पळी घेतली आणि पार तळापासून ढवळायला लागले. "आता कमी करा. हां, आता जरा वाढवा." नवरा "गेनाऊ, बाबा, गेनाऊ", अगदी बरोबर, अगदी बरोबर करत बटण फिरवत होता. त्या दिवशी कॉइल लख्ख निघाली. मग दर शनिवारी तेच. शुक्रवारपासूनच बार्ली भरडायची घाई. तिकिटाचं नाव नाही. हुश्श!

आणि मग आमच्या इंजिनिअरसाहेबांना बाबांच्या खांद्यांची दया आली. बार्ली जाळीवर ठेवायची, खालचं पाणी सतत वर फिरवणारा पंप लावायचा, आणि कॉइलची पॉवर आपोआप कमी-जास्त करणारा एक डबा. सगळं जोडलं, चालू केलं. काही म्हणता काही चिकटेना.

"बाबा, आता तुम्ही निवांत बसा."

बाबा बसले. उठले. पातेल्यात डोकावले. परत बसले. मग वर आले, घरभर दोन चकरा मारल्या आणि मला म्हणाले, "अलीकडच्या तारखेचं तिकीट मिळतं का बघ ना."

माझं टाळकंच सटकलं. "काम संपलं की निघायचं? मी कोणीच नाही का इथे?"

"तसं नाही गं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "हात रिकामे राहिले की तुझी आई गेलीय, हे कळतं. एरवी दिवस जातो."

मला रडूच फुटलं. तशीच जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली ओरडले, "अरे, काढ तो पंप!"

"अगं पण आता करपत नाहीये!"

"करपू दे!"

मागून बाबा तरातरा आले. "करपू दे काय? मी आहे ना!" आणि मला बाजूला सारून जिना उतरलेसुद्धा.