पडदा की टाकी

पाण्याच्या टाकीचे पैसे मी पडद्यात घातले. आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, आणि त्यातला बराचसा सांगून नातवंडांना हसवलंही. हा एक तेवढा सांगत नव्हते. पण परवा धाकटी नात पोह्यांची बशी मांडीवर घेऊन म्हणाली, "आजी, फोटोचा धंदा टाकायचा तर सुरुवातीला किती घालावेत गं?" तिला वाटलं, आजी-आजोबांचा स्टुडिओ होता, म्हातारीला आकडा माहीत असणार. आकडा माहीत आहेच. तो कुठं घातला, ते विचारू नये.

पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी माझा जन्म. लग्न होऊन औरंगाबादला आले तेव्हा हे एका जुन्या स्टुडिओत कामाला होते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली उभं राहायचं आणि रात्री औषधाच्या वासासकट घरी यायचं. स्वतःचं दुकान हवं, हे त्यांच्यापेक्षा माझ्याच डोक्यात जास्त. उस्मानपुऱ्यात रस्त्याला लागून दोन खोल्या भाड्यानं मिळत होत्या. यांनी साठवलेले सातशे आणि माझ्या पाटल्या मोडून आलेले आठशे, असे दीड हजार जमले. जुना कॅमेरा, फोटो मोठे करायचं तसंच जुनं यंत्र, दिवे, कागद, औषधं, खोल्यांचं डिपॉझिट. हे बोटांवर मोजत जायचे आणि शेवटी टाकीशी येऊन थांबायचे. गच्चीवर लोखंडी टाकी आणि तिथून अंधाऱ्या खोलीत आणलेला नळ. दोनशे रुपये.

"टाकी कशाला?" मी विचारलं.

"फोटो धुवायला. औषधातून काढला की तासभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो."

"तासभर? आणि वाहत्या?"

"हो. नाहीतर औषध कागदात राहतं आणि फोटो खातं, उजळ भाग आधी."

"अहो, तेवढ्या पाण्यात माझ्या माहेरी अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक झाला असता."

यात थट्टा नव्हती. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं घागर भरलेली पोर मी. आजही रात्री नळ ठिबकला तर मला झोप लागत नाही. कागदावरून तासभर पाणी सोडून द्यायचं हे मला पाप वाटत होतं, आणि त्या पापाचे दोनशे रुपये द्यायचे म्हणजे तर कहर. शिवाय टाकी गच्चीवर. गिऱ्हाईक गच्चीवर थोडंच चढणार आहे? ते बघणार समोरची भिंत. त्या भिंतीवर फोटोत मागं दिसायला असा रंगवलेला पडदा पाहिजे की आसपास कुणाकडं नसेल. अंबाड्यावर गजरा माळून ती बावीस वर्षांची शहाणी, जिनं आयुष्यात मिठाचं दुकानही चालवलं नव्हतं, नवऱ्याला व्यापार शिकवत होती.

"टाकी पुढच्या वर्षी," मी म्हटलं. पाटल्या माझ्या होत्या. यांनी टाकीचं बोट मिटलं.

सिनेमाचे फलक रंगवणारा एक पेंटर पडदा करायला आला. दोन दिवस मी त्याच्या डोक्यावर उभी होते.

"भाभी, हंस एकच डालूं की दो?"

"दोन घाला."

"और ये झाड कायका? आम, इमली, कुछ तो बोलो."

"कशाचं का असेना. मोठं करा, दाट करा."

"हौ. तो फिर झाडका झाड बनाता."

त्यानं बनवलंही. काळपट हिरवं, पानापानांनी भरलेलं, जगात कुठं उगवत नाही असं झाड. त्याच्या पलीकडं काठोकाठ भरलेलं तळं. दोनशे रुपयांत मला पाणी मिळालं ते एवढंच.

हे कॅमेऱ्यामागं आणि धुण्याचं काम माझ्याकडं. सकाळी नळ आला की एक बादली भरायची, दिवसभराचे फोटो त्यातच बुचकळायचे आणि दोरीवर टांगायचे. संध्याकाळी ते पाणी तरी वाया का घालवा, म्हणून दारातल्या तुळशीला. तुळस पंधरवड्यात वाळली. मी म्हटलं, ऊन फार आहे. दुसरी लावली, तीही गेली. कुणीही शहाणी बाई इथं थांबून विचार करेल. मी कुंडी पालथी घातली आणि पाणी अंगणात मारू लागले, धूळ बसते म्हणून.

"पाणी बदलतेस ना?" यांनी एकदा विचारलं.

"बदलते की," मी म्हटलं. रोज सकाळी बदलत होतेच.

दुकान चाललं. पडद्यामुळंच चाललं, हे आजही कबूल करते. लोक मुकुंदवाडीहून यायचे, खेड्यांतून यायचे, आणि आधी पडद्याला हात लावून बघायचे.

तसंच पिशोरहून एक बाई लेकीला घेऊन आली. स्थळांना पाठवायला फोटो पाहिजे होता. पोरगी सतराची असेल, सावळी, तरतरीत.

"बाई, रंगानं कमी हाय," आई माझ्या कानाशी लागली. "उजळ दिसंल असं करा कायतरी."

मी पावडरचा डबा काढला आणि पोरीच्या तोंडावर हात सैल सोडला. हिशोब फक्त पाण्याला होता, पावडरला नव्हता. तिला स्टुलावर बसवलं. तिची मान सारखी मागं वळत होती.

"हे कशाचं झाड हाय ओ?"

"मला काय माहीत. पुढं बघ."

"आमच्याकडं नाय असलं." आणि ती हसली. पावडरमधून दात चमकले.

"हसू नको. स्थळाकडं जायचाय फोटो. तोंड मिट."

तिनं मिटलं. यांनी बटण दाबलं. तीन प्रती काढल्या. दोन स्थळांकडं गेल्या, एक आईनं ठेवली.

पुढं दोनेक वर्षांत फोटो पिवळे पडून परत यायला लागले. हे बाहेरच्या ऑर्डरींवर असायचे, तेव्हा काउंटरवर मीच. "चुलीजवळ टांगला असेल," मी म्हणायची. घरोघरी चुली होत्या. माणसं ओशाळून निघून जायची, काही जण तर माफी मागून. मला तेव्हा लाज वाटत नव्हती, उलट हुशारी वाटत होती. लाज आता वाटते, पण ज्यांच्यासमोर वाटायला पाहिजे होती त्यांतलं कोण राहिलंय?

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, ती पिशोरची बाई एकटीच आली. त्या दिवशी हे दुकानात होते. तिनं लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं.

"लेक गेली माझी," ती म्हणाली. "बाळंतपणात. लेकरू बी नाय वाचलं. लग्नात फोटू काढला नव्हता. ह्यो एकच हाय. तिकडच्यांनी त्यांच्याकडचा हरवला म्हन्ले. ह्याचा मोठा करून द्या, भितीला लावते."

मग तिनं धडपं सोडलं. "पर ह्याला काय झालंय बघा की जरा."

तळं होतं. हंस होते. झाड तर पानासकट होतं. साडीचा गडद पदर होता, मांडीवर जुळवलेले सावळे हात होते. वर, जिथं मी पावडर थापली होती, तिथं नुसता पिवळट ठिपका. नाक नाही, डोळे नाहीत, मिटवलेलं तोंडही नाही.

"चुलीजवळ ठेवला होता का?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"नाय बाई. पेटीत व्हता. ऊन सुदिक दावलं नाय त्याला."

यांनी फोटो उचलला, उलटा केला, मागचे डाग पाहिले, नाकाशी नेला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "किती पाण्यात धुतलास हा?"

"बादलीत."

"एका फोटोला एक बादली?"

मी दोरीवर टांगलेल्या दिवसभराच्या फोटोंकडं बघितलं. त्यांना कळलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि निगेटिव्हची खोकी उपसू लागले. बाई स्टुलावर जाऊन बसली. तेच स्टूल. मी तिच्यासाठी पाणी आणलं, तिनं ते हातात धरून ठेवलं.

"निघंल नव्हं दुसरा?" तिनं विचारलं.

"निघेल," मी म्हटलं. मला ठाऊक होतं की निगेटिव्हही त्याच बादलीतून गेलं होतं.

निगेटिव्ह सापडलं. त्यावरही तांबूस डाग पसरले होते. यांनी आत लाल दिवा लावला, एक कागद काढला, मग दुसरा. आत बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. कुठून आणलं असेल तेवढं पाणी कोण जाणे, शेजाऱ्यांकडून असेल. शेवटी ते ओला कागद घेऊन बाहेर आले आणि तो बाईपुढं धरला. झाड पहिल्यापेक्षा ठसठशीत आलं होतं. चेहऱ्याच्या जागी डाग.

टाकी नंतर बसवली. माझ्या कानातली त्यात गेली. यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि पडदा उतरवा असं मी म्हटलं तेव्हाही म्हणाले, "राहू दे, पैसे घातलेत." दुकान पुढं बरीच वर्षं चाललं. नातीला आता सांगेन, की आकडा कमी-जास्त झाला तरी चालतो, पण गच्चीवरचं आधी घे. ती म्हणेल, आजी, आता फोटो धुवावे लागत नाहीत. खरं आहे.

त्या दुपारी मी गल्ल्यातून पैसे काढून बाईपुढं धरले. तेवढंच सुचलं. तिनं ते घेतले नाहीत. ओला कागदही घेतला नाही. जुना फोटो परत धडप्यात बांधला, पडद्याजवळ गेली, त्या झाडावरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळून म्हणाली,

"घरी आल्यावर दोन दिस ह्या झाडाचंच सांगत व्हती, बाई. फोटूत तेवढं ऱ्हायलंय, लई झालं."