सोनगडपर्यंत

सुरतेत राहणाऱ्या आम्हा खानदेशी लोकांना पूर्वेकडचा रस्ता फक्त गावी जाण्यासाठी ठाऊक असतो. बारडोली आली की उसाचा वास, व्यारा आलं की चहा आणि पाय मोकळे करणं, सोनगड आलं की "चला, निम्मं झालं." सोनगडच्या डोंगरावरचा किल्ला मी लहानपणापासून बसच्या खिडकीतून पाहत आलो, पण तो बघायला आमच्यातलं कुणी उतरल्याचं ऐकिवात नाही. उतरेल तरी कशाला? पुढं गावी माणसं वाट बघत असतात.

मी मात्र बँकेतला माणूस. गाडी घेतल्यापासून मला प्रेक्षणीय स्थळांचा नाद लागला आहे. बडोद्याच्या राजघराण्याचा जम आधी या सोनगडात बसला, असं वाचलं आणि बेत ठरवून टाकला. रविवारी किल्ला, जमलंच तर उकाईचं धरण, संध्याकाळी परत घरी. शनिवारी जेवताना वडिलांना म्हणालो, "आबा, उद्या सोनगडकडे जाऊ. सकाळी लवकर तयार राहा." आबांनी मान डोलावली. बमरोलीच्या कापड कारखान्यात लूमवर उभं आयुष्य काढलेला माणूस, मुलाला उलट प्रश्न विचारायची त्यांना सवय नाही.

सकाळी ते आमच्या आधी तयार होते. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात फुगलेली पिशवी. औषधं आणि स्वेटर असेल, असं समजून ती मीच डिकीत टाकली.

बारडोलीला चहाला थांबलो तेव्हा बायकोनं मला बाजूला घेतलं. "अहो, पिशवीत काय आहे बघितलंत का? आत्याबाईंना साडी आणि नानखटाई. आबांना वाटतंय आपण गावी चाललोय."

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. गावी एकटीच असते, नंदुरबारच्या पलीकडं. बहीणभावांची भेट होऊन दीडेक वर्ष झालं होतं आणि "पुढच्या महिन्यात नक्की" असं म्हणत ती लांबवणारा मीच होतो. आबांनी बिचाऱ्यांनी सरळ हिशेब केला होता. या रस्त्यानं निघालो म्हणजे गावीच जाणार. आमच्यापैकी कुणीही हाच हिशेब केला असता.

"सांगतो मी त्यांना," असं बायकोला म्हणालो आणि मूग गिळून स्टिअरिंगवर बसलो. सांगणं अवघड नव्हतं. न सांगता सरळ गावी जाणं तर त्याहून सोपं होतं. पण गावी गेलं की मुक्काम, मुक्काम म्हणजे सोमवारी रजा, आणि रजा मला मुलांच्या सुट्टीसाठी राखायची होती. याहून मोठं कारण माझ्यापाशी नव्हतं. लाज वाटते ती त्याचीच.

सोनगड आलं. गाडी डोंगराकडे वळवली तेव्हा आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. वाटलं, कळलं त्यांना. चोराच्या मनात चांदणं. पण ते म्हणाले, "किल्ला दखनाय का? दखी ले, दखी ले. तुन्ही हौस व्हई जाऊ दे." मुलगा जाता जाता हौस भागवतोय, एवढंच त्यांना वाटलं.

रस्ता संपला तिथून पायऱ्या होत्या. आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून कुरकुर न करता चढले. मी अखंड बडबडत होतो. ही तटबंदी, हा बुरूज, इथून घोडदळ निघायचं, वगैरे. एरवी मी एवढा बोलत नाही. वर थंड वारा होता, देवळात घंटा वाजत होती, लांब उकाईचं पाणी चकाकत होतं. बायको पाण्याचे फोटो काढत होती. आबा मात्र तटाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन खालचा नवापूरकडे जाणारा रस्ता बघत उभे राहिले.

"चाल ना आता," ते म्हणाले. "उशीर व्हई जाई. बाईले मी कालदिन फोन करी दिन्हा. भरीत करी ठेवसू म्हने."

आत्याला फोनही करून झाला होता. आता लपवायला जागाच उरली नाही. मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, की आपण फक्त सोनगडपर्यंतच आलोय, इथून परत जायचं आहे, मला उद्या बँक आहे.

आबा म्हणाले, "मन्हीच चूक शे. मी इचारं नही." ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच बहिणीला फोन लावला. "बाई, आम्हनं येनं व्हवाव नही वं. गाडी बिघडनी. पोऱ्या बिचारा सकायपशी खटपट करी राह्यना."

मी किल्ली हातात घेऊन ऐकत होतो. गाडी खाली ठणठणीत उभी होती, दिवस अख्खा शिल्लक होता, गाव आणखी दोन तासांवर. बायको माझ्याकडे बघत होती. तेव्हाही मला "चला आबा, जाऊ या" म्हणता आलं असतं. मी खाली उतरून गाडी सुरतेकडे वळवली.

संध्याकाळी घरी चहा घेत असताना आत्याचा फोन आला, या वेळी माझ्या मोबाइलवर. आबा समोरच बसले होते. "घर पोचनात ना रे सुखरूप? गाडी नीट व्हयनी का?" तिच्या आवाजात नुसती काळजी होती.

मी आबांकडे पाहिलं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"हो आत्या, व्हयनी," मी म्हणालो. "मेकॅनिक भेटना."

आबांनी समाधानानं मान हलवली आणि बशीत चहा ओतला.