आभारांआधीचा तिसरा भाग

आमच्या अमरावतीच्या श्रवण मंडळात संगीत असतं, पण ते दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, अध्यक्षीय मनोगत आणि आभार यांतून उरलेल्या वेळात. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही पंचवीस-तीस माणसं एका वाचनालयाच्या सभागृहात जमतो, ध्वनिमुद्रण लावतो आणि ऐकतो. सभागृह सातला रिकामं करावं लागतं. चहा आभार मानल्यावरच येतो. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की आमच्या रसिकतेचा बराचसा उलगडा होतो.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. निवृत्त झाल्यावर मंडळात पाश्चात्त्य संगीताचं खातं माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. दोन वर्षांपूर्वी मी एक फ्रेंच संगीतकार लावायला घेतला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मंडळात त्या नावाचे चार उच्चार झाले होते आणि त्यांतला चौथा माझा होता.

हा माणूस मला आवडतो, कारण तो आरडाओरडा करत नाही. त्याच्यावर जाणकारांचा आक्षेप असा की त्याला सगळं फार सहज येतं, सगळं फार नीटनेटकं असतं. नीटनेटकेपणाबद्दल तक्रार करणाऱ्यांनी आमच्या मंडळाचं इतिवृत्त वाचावं. मी सुरुवात त्याच्या चेलोच्या कन्चेर्तोने केली. चेलो म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ, आणि कन्चेर्तो म्हणजे एक वाद्य पुढे आणि सगळा वाद्यवृंद त्याच्या मागे. बाकीचे संगीतकार त्या एका वाद्याला बोलू देण्याआधी वाद्यवृंदाकडून लांबलचक प्रस्तावना करवून घेतात. इथे वाद्यवृंद एकदाच दणका देतो आणि चेलो बोलायला लागतो. स्वागत नाही, परिचय नाही. मला तर तिथेच भरून आलं.

त्या कन्चेर्तोची आणखी एक गंमत आहे. त्यात भाग आहेत, पण मध्ये कुठे थांबा नाही. एक भाग संपता संपता दुसऱ्यात शिरतो. आमचे चिटणीस आभाराचा कागद घेऊन पहिल्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. संगीत जरा मंद झालं की ते अर्धे उठायचे, चेलो पुन्हा चालू लागला की बसायचे. असं तीनदा झालं. कार्यक्रम संपल्यावर ते मला म्हणाले, "सर, रचना उत्तम होती. फक्त आटोपशीर नव्हती."

पुढच्या महिन्यात मी त्याच संगीतकाराचं क्लॅरिनेट आणि पियानोचं काम लावलं. दोघांनीच बसून केलेल्या गप्पांसारखं ते आहे. म्हातारपणी त्याने मुद्दाम फुंकवाद्यांसाठी लिहिलं, कारण त्यांच्या वाट्याला मोठ्या लोकांकडून फारसं काही आलं नव्हतं. त्याचे चार भाग, आणि या भागांच्या मध्ये मात्र शांतता आहे. पहिला भाग संपला. शांतता. मी हात वर करून चिटणिसांना थांबवलं. दुसरा भाग संपला, तेव्हा मी चष्मा पुसत होतो. चष्मा लावून पाहतो तो चिटणीस माइकपाशी. त्यांनी अध्यक्षांचे, वाचनालयाचे, श्रोत्यांचे आणि "सातासमुद्रापलीकडच्या त्या महान कलावंताचे" आभार मानले. स्पीकर हाताळणाऱ्या माणसाने मुकाट्याने आवाज बंद केला. चहा आला.

बायकोला घरी सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. तो फ्रेंच माणूस हजर असता तर त्यालाही शाल दिली असती."

हा स्पीकर हाताळणारा माणूस म्हणजे मास्तर. वलगाव रोडला राहतात, साठीच्या पुढचे. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी क्लॅरिनेट वाजवलं, त्यातली निम्मी बँडमास्तर म्हणून. आता वरातीत पायी चालणं होत नाही, म्हणून स्पीकर भाड्याने देतात. त्या दिवशी वायरी गुंडाळता गुंडाळता त्यांनी मला विचारलं, "सर, ते पुढे काय होतं जी?"

"कशाचं पुढे?"

"ते आभारवाल्या साहेबानं बंद केलं ना, त्याच्या पुढे. क्लॅरिनेट खाली उतरून राहिलं होतं. मले वाटलं आता तळात जाते, अन् हे उठले."

तोवर मंडळात मला कुणी पुढचं काय ते विचारलं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसून तो तिसरा भाग त्यांच्या फोनवर पाठवला आणि लावून दिला. तो भाग संथ आहे. क्लॅरिनेट अगदी तळाच्या सुरांत, भरल्या आवाजात एक सुरावट म्हणतं. थोड्या वेळाने तीच सुरावट दोन सप्तकं वर, जेमतेम ऐकू येईल अशी पुन्हा येते. मास्तरांनी फोन कानाला लावून दोन्हीही ऐकल्या.

"पहिले लोकाईसमोर रडते माणूस," ते म्हणाले, "अन् मंग घरी येऊन. तसं हाय ते."

हा भाग मी किमान पन्नास वेळा ऐकला होता आणि त्यावर एक टिपणही लिहिलं होतं. त्या टिपणात सप्तकांचा उल्लेख होता. माणसाचा नव्हता.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलो नाही. क्लॅरिनेटचे खालचे सूर फार गोड असतात, पण बँडमध्ये ते वाजवण्यात अर्थ नसतो. बाजूला ढोल, ताशा, मागे जनरेटर. वरचे सूर तेवढे टोचून बाहेर निघतात. "उस्तादानं खालचे सूर दोन वर्षं घोटून घेतले माह्याकडून. चाळीस वर्षं वाजवले. पण कोणी ऐकलेच नाही जी ते. म्यासुद्धा बोटाईनंच ऐकले."

तीन आठवड्यांनी ते घरी आले ते क्लॅरिनेटची पेटी घेऊन. कागदावरची पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना येत नाही. बँडमध्ये नवं गाणं बसवतात तसं त्यांनी केलं होतं: फोनवर चाल हळू करून ऐकायची, वहीत सरगम उतरवायची, मग बोटं. तिसरा भाग पुरा बसला होता. आमच्या बैठकीच्या खोलीत तो तळाचा सूर निघाला, तेव्हा स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. बायको दारात येऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत उभीच होती. नंतर मला म्हणाली, "हे ऐकवा तुमच्या त्या मंडळाला. चहाच्या आधी."

अकोल्याला आमच्या मंडळाची शाखा सुरू होणार होती. मी चिटणिसांना म्हटलं, उद्घाटनाला ध्वनिमुद्रण नको, मास्तर वाजवतील.

"वाजवतील म्हणजे? आपले स्पीकरवाले?" चिटणिसांनी चष्मा वर केला. "सर, शाखेचा पहिलाच कार्यक्रम आहे. अकोल्याचे लोक काय म्हणतील, अमरावतीहून बँड आणला?"

"बँड नाही आणत. एकच माणूस आणतोय."

"आपल्या व्यासपीठाची एक उंची आहे."

व्यासपीठ नऊ इंच उंच आहे, मी मोजलेलं आहे. पण मी ते बोललो नाही. एवढंच म्हटलं की मास्तर नसतील तर पाश्चात्त्य संगीतावरचं माझं भाषण पन्नास मिनिटांचं होईल. चिटणिसांनी तिथल्या तिथे होकार दिला.

पियानोची बाजू मिशन शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाईंनी घेतली, की-बोर्डवर. त्यांच्याकडे छापील स्वरलिपी होती. दोघांनी चार महिने आमच्या घरी तालीम केली आणि चारही भाग उभे केले. मास्तरांच्या मते तिसऱ्या भागापर्यंत पोचायचं तर आधीचे दोन वाजवणं भाग होतं, वाटेतली गावं असतात तशी. माझं काम फक्त चुका काढण्याचं. आणि एका बाबतीत मी फार कडक होतो. भाग संपला की मास्तर थांबायचेच नाहीत. शेवटचा सूर धरून ठेवायचे आणि त्यावरूनच पुढच्या भागात शिरायचे.

"मास्तर, इथे शांतता आहे. ती रचनेचाच भाग आहे."

"हव जी. पण थांबलं का नाचणारे पांगतेत. बँडात गाणं बदलते, आवाज नाही तुटत. नवरदेवाच्या दारापर्यंत सूर तुटू देत नाही."

"इथे कुणी नाचत नाही."

"नाचत नाही, पण उठतेत," मास्तर म्हणाले.

मी तरीही ऐकलं नाही. शांततेचं महत्त्व यावर दहा मिनिटं बोललो. बाई खाली मान घालून स्वरलिपीची पानं नीट करत होत्या. शेवटी मास्तरांनी कबूल केलं की अकोल्याला थांबतील.

अकोल्याला सभागृह भरलं होतं. दीपप्रज्वलनाला वात पेटेना, मग अध्यक्षांनी उद्घाटनपर विचार मांडले, त्यांत अकोल्याच्या उन्हाचाही गौरव झाला. शाखेच्या नवीन चिटणिसांना कागद देऊन आमच्या चिटणिसांनी शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे त्या दिवशी दोघेजण शाल आणि नारळ घेऊन पहिल्या रांगेत टपून होते. मास्तर पांढरा कुर्ता घालून आले. सहा चाळीसला त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. तिथलंही सभागृह सातला रिकामं करायचं होतं. सहा पन्नासच्या आत तो तळाचा सूर आला नाही, तर तो या वेळीही आभारांखाली जाणार होता, आणि पुन्हा विचारायला मास्तर येणार नव्हते.

पहिला भाग संपला. दोन्ही चिटणीस खुर्चीच्या कडेवर आले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेवटचा सूर सोडलाच नाही. तो तसाच बारीक धरून ठेवला. श्वास घ्यायला ते थांबले तेव्हा बाईंनी की-बोर्डवर तोच सूर दाबून धरला, जणू तालमीत ठरलंच होतं. चिटणीस बसले. दुसऱ्या भागानंतरही तसंच. या वेळी आमचे चिटणीस पूर्ण उठून दोन पावलं चालले होते. सूर चालूच आहे म्हटल्यावर ते भिंतीवरच्या घड्याळाकडे जायला निघाल्यासारखं करून परत आले.

आणि मग तिसरा भाग. तळाचा सूर आला.

आमच्या घरच्या खोलीत तो मावत नव्हता, इथे सभागृहाला पुरला. मागच्या रांगेत कुणी तरी बाटलीचं झाकण लावत होतं, ते थांबलं. पहिल्या रांगेतले अध्यक्ष डोळे मिटून होते, त्यांनी ते उघडले. मग तीच सुरावट वर, अगदी हळू आली. तोवर सात वाजत आले होते आणि सभागृहाचा शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा होता. किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्याने त्या मुठीत धरल्या होत्या.

चौथा भाग संपला तेव्हा मास्तरांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं. आता खरी शांतता होती. दोन चिटणीस, दोन शाली, आणि उठायची कुणाचीच हिंमत नाही. अध्यक्षच म्हणाले, "मास्तर, तो खालचा भाग पुन्हा एकदा वाजवाल?"

मास्तरांनी वाजवला. आभार सात वीसला मानले गेले, अगदी थोडक्यात. चहा थंड झाला होता आणि तक्रार कुणी केली नाही. चिटणिसांनी शाल मास्तरांच्या खांद्यावर घातली तेव्हा तिची घडी उलगडायला त्यांना जरा वेळ लागला, कारण ते माणसाकडे पाहत होते. मी आयुष्यभर शालींची टिंगल केली आहे. त्या एका शालीसाठी मी जागेवरून उठून टाळ्या वाजवल्या, आणि ते सांगताना आजही माझी मान ताठ होते.

परतताना गाडी मूर्तिजापूरला थांबली. मास्तर शालीची घडी मांडीवर घेऊन बसले होते.

"सर, रागावले तं नाही? थांबायचं कबूल केलं होतं म्या."

बाईंनी पिशवीतून स्वरलिपी काढली आणि तिसऱ्या भागाचं शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. तिथे एका इटालियन शब्दात छापलेलं होतं: न थांबता पुढच्या भागात जावे. खुद्द त्याच माणसाने लिहिलेलं. बाईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणात त्यांनी ते सांगितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

मी ते मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांनी पानावर बोट ठेवून खात्री करून घेतली.

"म्हणजे त्यालेही आभारवाले भेटले असतील," ते म्हणाले, आणि शालीचं एक टोक नीट केलं.