हरकतीची खुर्ची

दुपारचं जेवण झालं, खिडकीचा पडदा ओढून झाला, आणि खांबेटे सर डाव्या कुशीवर वळतात. पंख्याची घरघर आधी कानाशी असते, मग लांब जाते, मग पाण्याखाली गेल्यासारखी होते. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी शैलाताई भांडी विसळताहेत. त्या आवाजाचं बोट धरून सर जागेपणाच्या काठावर जरा वेळ बसून राहतात. उशाशी हेरलेकरबाईंच्या पुस्तकाची प्रस्तावना आहे. बाईंची भाची आणि विद्यार्थिनी वृंदा संध्याकाळी ती न्यायला येणार. सारी लिहून झाली आहे, सही तेवढी राहिली आहे. आणि सकाळपासून पेन उघडतंय, मिटतंय.

"काय खांबेटे, झोपा काढताय होय?"

पलंगाच्या पायथ्याशी हेरलेकरबाई उभ्या आहेत. चष्मा नेहमीसारखा केसांत खोवलेला. बाई फेब्रुवारीतच गेल्या, हे सरांना ठाऊक आहे. स्मशानात ते अगदी मागच्या रांगेत उभे होते. पण घरी आलेल्या माणसाला "तुम्ही गेलात ना?" असं कसं विचारायचं? सर पडले भिडस्त. ते उठून बसतात आणि म्हणतात, "या ना. बसा."

"बसायचं तुम्हाला आहे," बाई म्हणतात. "चला."

पलंगावरून पाय खाली टेकतात ते कॉलेजच्या खोलीतल्या फरशीवर. तीच खोली, जिथे सरांनी जपानी शिकवली आणि बाईंनी कोरियन, आणि दोघांनी मिळून उभा जन्म एकाच प्रश्नाच्या पाठीमागे घालवला: या दोन भाषा सख्ख्या बहिणी, की नुसत्या शेजारणी? वाक्याची ठेवण इतकी सारखी की एकीत विचार करावा आणि दुसरीत बोलावं. क्रियापद दोघींचं शेवटी, मानपान दोघींचे कडक. पण चीनकडून उसने आलेले शब्द बाजूला काढले, की घरच्या शब्दांत क्वचितच कुठे नातं लागतं. बाई म्हणत, आई एकच. सर म्हणत, नाही, शेजार जुना.

खिडकीपाशी ती वेताची खुर्ची आहे. शनिवारी दोघांपैकी ज्यानं काही नवं लिहिलं असेल त्यानं ते मोठ्यानं वाचायचं, आणि दुसऱ्यानं त्या खुर्चीत बसून ते मोडायला बघायचं. हरकतीची खुर्ची म्हणत तिला. नियम एकच: त्या खुर्चीत बसून "छान" म्हणायचं नाही. मंडईत सडका टोमॅटो पिशवीत पडला तरी न बोलणारे खांबेटे सर त्या खुर्चीत बसले की निराळेच होत. बाईंच्या ओळीन् ओळीला कात्री लावत. बाई चिडत, टेबलावर डस्टर आपटत, आणि सोमवारी सगळं नव्यानं लिहून आणत.

"बसा," बाई म्हणतात.

सर बसतात. खुर्ची लोखंडी आहे. थंडगार. समोर बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या आहेत, हाताला सलाइन लावलेलं, आणि मांडीवर त्यांच्या शेवटच्या प्रकरणाचे कागद. इस्पितळाचा तो वास. पुढे काय होणार हे सरांना माहीत आहे. हा शनिवार होऊन गेलेला आहे.

बाई वाचतात. दम लागतो, थांबतात, परत वाचतात. बहिणीच आहेत, आणि हा घ्या पुरावा. मग कागद खाली ठेवून त्या सरांकडे बघतात. डोळ्यांत तीच जुनी चमक, कुस्तीला उतरलेल्या माणसाची.

"हं. बोला, खांबेटे."

आणि सरांचे ओठ त्या दिवशी हलले तसेच आत्ता हलतात. "छान आहे, बाई. फारच छान."

बाई चष्मा काढतात. "बरं," म्हणतात, आणि पंखा जरा कमी करायला सांगतात. त्या दिवशीही त्यांनी एवढंच केलं होतं.

"का पण?" या वेळी त्या विचारतात. सलाइनची नळी आता नाही.

"तुम्ही आजारी होतात."

"आजारी मी होते. माझं म्हणणं नव्हतं."

सर खाली बघतात. फरशीच्या जागी फळ्या आहेत, ओल्या, आणि त्या हळूहळू डुलताहेत.

"मेल्यावर सगळेच छान म्हणतात," बाई म्हणतात. "तुम्ही मला आधीच मारलंत. आठ दिवस आधी."

सर मान वर करतात तर चहूकडे पाणी आहे. बोट चालली आहे. एका अंगाला कोरियाचा किनारा, दुसऱ्या अंगाला जपानचा, आणि दोन्ही इतके जवळ की त्यांच्यामधून खरं तर बोट जायलाच नको. वाऱ्याला मिठाची चव आहे. डेकवर बायका बसल्या आहेत, निपाणीच्या एसटी स्टँडवर बसतात तशा, पाय पसरून, टोपल्या पुढ्यात घेऊन.

"तिकडे तुम्हाला बरं आहे ना?" सर विचारतात. काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"कंटाळा आलाय. कुणी हरकतच घेत नाही हो." बाई कठड्याला टेकतात. "प्रस्तावनेत काय लिहिलंत?"

सर पाण्याकडे बघतात.

"लिहिलंत काय?"

"तुमचा सिद्धान्त निर्विवाद आहे, असं."

बाई हसतात. हसू असं की चापट बरी. "निर्विवाद! आयुष्यभर वाद घातला आपण, आणि माझ्या पुस्तकाच्या दारावर तुम्ही निर्विवादचं तोरण बांधता? कुणाच्या बारशाला निघालात का?"

"आता तुम्हाला उत्तर देता येणार नाही, बाई. समोर नसलेल्या माणसावर हरकत घ्यायची म्हणजे…"

"माणसावर कोण घ्या म्हणतंय? म्हणण्यावर घ्या. उत्तर द्यायला वृंदा आहे. तिला नाही जमलं तर आणखी कुणी येईल. पण हरकतच नसली तर उत्तर कशाला देणार? नुसतं कपाटात ठेवतील मला."

"आणि माझीच हरकत चुकीची निघाली तर?"

"म्हणजे हीच भीती," बाई सावकाश म्हणतात. "माझा आजार तुम्हाला सोयीचा पडला."

सरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढतं. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. दया आली होती, हे खरंच. पण त्या दयेच्या पदराखाली ते स्वतःही लपले होते.

जवळची एक बाई टोपलीवरचं फडकं सारते. आत भाताची रोपं, त्यावर विळा. दुसरीच्या टोपलीत शेताची ओली माती. सर बघत राहतात.

"हे बघा," ते म्हणतात. "शेत. तुमच्या कोरियनमध्ये बात, माझ्या जपानीत हाता. तुम्ही म्हणता, बहिणींना आईकडून मिळालं. मी म्हणतो, या टोपलीतून आलं! कोरियातून जपानला शेती निघाली की शेताचं नाव बरोबर निघतं. पण डोळा टोपलीत घालून कोण नेतं? कान? हात? एक, दोन, तीन? सख्ख्या बहिणी असत्या तर हेच शब्द आधी जुळले असते. तुमच्या प्रकरणात डोळा कुठे आहे, बाई?"

"डोळे झिजतात हो. हजारो वर्षांत आईचं तोंडसुद्धा आठवत नाही."

"मग विळ्याचा शब्द बरा आठवला!"

"खांबेटे!"

"तुम्ही निपाणीच्या. अण्णा, अक्का म्हणत वाढलात. ते शब्द मराठीत कानडीतून आले. म्हणून मराठी कानडीची सख्खी बहीण झाली का? शेजारणी आहेत त्या! एका भिंतीला पाठ लावून शतकानुशतकं बसल्या, म्हणून हातवारे सारखे झाले!"

सर ओरडताहेत. आपण ओरडतोय हे त्यांना कळतं आहे आणि थांबवत नाही. प्रत्येक वाक्याला त्यांचा उजवा हात बोटीच्या गंजक्या कठड्यावर आपटतो. बायका माना वळवून बघताहेत. हेरलेकरबाईंचे गाल लाल झाले आहेत, चष्मा केसांतून घसरून नाकावर आला आहे, आणि अशा खूश त्या किती तरी वर्षांत दिसल्या नव्हत्या.

"चूक!" बाई म्हणतात. "साफ चूक. थांबा, तुमच्या शेजाराच्या भिंतीलाच धरते आता. पहिली गोष्ट म्हणजे…"

वारा वाढतो. बाईंचे ओठ हलत राहतात, बोट वर करून त्या काही मुद्दे मांडताहेत, पण ऐकू येत नाही. सर कान पुढे करतात, कठडा घट्ट धरून वाकतात. फक्त पंख्याची घरघर, जवळ, आणखी जवळ.

"अहो! अहो, उठा!"

शैलाताई दारात उभ्या आहेत, हातात ओलं पातेलं. "कुणावर एवढे ओरडताय? वरच्या मजल्यावरून फोन आला, सरांना बरं नाही का म्हणून. जन्मात मोठ्यानं बोलला नाहीत, आणि आता झोपेत भांडण?"

"हेरलेकरबाईंशी," सर म्हणतात. आवाज फाटलेला आहे.

शैलाताई पातेलं खाली ठेवतात. मग जवळ येतात. "जिंकलं कोण?"

"कळलं नाही. त्यांचं उत्तर राहिलं."

सर उशाशी हात नेऊन प्रस्तावना ओढून घेतात. शेवटच्या पानावरचं "निर्विवाद" खोडतात. इतकं जोरात की कागद फाटतो. मग खाली, समासापर्यंत पसरत, लिहायला लागतात: मला हे मान्य नाही, आणि का ते सांगतो. बाईंच्या बाजूनं कुणीतरी मला खोडून काढावं, म्हणूनच सांगतो.

"अगंबाई! हे काय हाताला?" शैलाताई त्यांचा उजवा हात पेनासकट उचलतात.

तळव्यावर आडवा पट्टा उमटला आहे. तांबूस, खरखरीत, रेषांच्या खाचांत बसलेला. शैलाताई पलंगाकडे बघतात. पलंग सागवानी आहे. मेज लाकडी. खिडकीचे गज गेल्याच दिवाळीत रंगवलेले, पांढरेशुभ्र. त्या तळवा नाकाशी नेतात आणि त्यांच्या कपाळाला आठी पडते.

"गंज आहे हा. आणि खारट वास कसला येतोय? चला, साबणानं धुऊन टाका."

"धुतो," खांबेटे सर हात सोडवून घेत म्हणतात. "आधी लिहून होऊ दे."