देवळात वाचलेली कथा

नवोदित म्हणजे नक्की कोण, हे मला एकदा कुणीतरी समोर बसवून सांगावं. माझ्या मोबाईलवर कथास्पर्धांच्या जाहिराती सतत येत असतात. वर मोठ्या अक्षरात 'नवोदितांसाठी सुवर्णसंधी' आणि खाली बारीक अक्षरात, वय पस्तीसच्या आत. मी पहिली कथा लिहिली तेव्हा चाळिशी ओलांडली होती. त्याआधी भोरला शाळेच्या ऑफिसातली नोकरी, दोन पोरं, सासूबाईंचं आजारपण. लिहिणार कधी होते, भाकऱ्या थापता थापता? ज्यांना वेळेत सवड मिळाली ते नवोदित, आणि मी कोण? उगवायच्या आधीच मावळलेली?

ज्यांना वयाची अट नाही त्यांची तऱ्हा वेगळी. आधी फी भरा. मग निवड झाल्याबद्दल अभिनंदन येतं आणि पाठोपाठ संग्रहाच्या प्रती विकत घेण्याची नम्र विनंती. एकदा मी घेतल्याही. अनुक्रमणिकेत माझ्या कथेपुढे दुसऱ्याच बाईचं नाव होतं. फोन केला तर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. कसली डोंबलाची पुढची आवृत्ती! त्या प्रती अजून कपाटावर धूळ खात पडल्यात.

म्हणून पुण्याची ती एक स्पर्धा दिसली तेव्हा मी जाहिरात दोनदा वाचली. वयाची अट नाही, फी नाही आणि पहिल्या आलेल्या लेखकाचं पुस्तक ते स्वतः काढणार. पुस्तक! माझ्यासारखीला घरी येऊन कोण विचारणार होतं पुस्तकाचं? ऑफिसातले सगळे जेवायला गेले तेव्हा मी कथा पाठवून दिली.

कथा माझ्या आईची होती. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आमच्याकडे भाताची रोपं टाकायची तर आधी ती जागा भाजावी लागते. झाडांचे शेंडे तोडायचे, वाळवायचे, जमिनीवर पसरून पेटवायचे. त्याला राब म्हणतात. शेंडे पुरुषांनी तोडायचे आणि भारे बायांनी वाहायचे, अशी रीत. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते आणि भाऊ अंगावर पीत होता. त्या वर्षी भावकीतलं कुणी आमचे शेंडे तोडायला आलं नाही. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही आणि मग खाचरं आपोआप भावकीच्या हातात. सरळ हिशोब होता त्यांचा.

आई काष्टा मारून, कमरेला कोयता खोचून स्वतः झाडावर चढली. गाव खाली उभं राहून बघत होतं. कुणीतरी हसून म्हणालं, "वांदरी!" आणि ते नावच पडलं. पाणवठ्यावर वांदरी, लग्नात वांदरी. शाळेत मी वांदरीची पोर. आई दर वर्षी चढत राहिली आणि त्या नावाबद्दल घरात एक अक्षर बोलली नाही. जणू तिला ऐकूच आलं नव्हतं.

हे सगळं मी लिहिलं, नावासकट.

नवरात्रात माहेरी गेले तेव्हा आईला सांगितलं, तुझ्यावर लिहून पुण्याला पाठवलंय. तिचा पहिला प्रश्न काय असावा? "देवीम्होरं ठेवलंस का?"

आमच्या वाडीत कुठलंही नवं आधी देवीला. भाताची पहिली लोंबी देवीला, गाय व्याली की पहिलं तूप देवीला. भावाचा टेम्पो शोरूममधून थेट देवळापुढं येऊन उभा राहिला होता, मग घरी. आता कथा पुढं ठेवायची म्हणजे काय, तर वाचायची. देवीला काय, मोबाईलमधलं अक्षर दिसणार?

"कुणी ऐकलं तर?" मी म्हणाले.

"ऐकू दे की. म्या बसते म्होरं."

भजनाचा माईक लावलेलाच होता. आरती झाल्यावर मी वाचायला उभी राहिले. 'वांदरी' हा शब्द आला तेव्हा मी मान वर करून पाहिलं. आई पहिल्या रांगेत, पदर डोक्यावर, ताठ बसलेली. वाचून संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग भावकीतले एक म्हातारे, माझे चुलत चुलते, काठी टेकत उठले आणि म्हणाले, "त्ये नाव म्या ठेवलं. पयल्यांदा म्याच बोल्लो."

एवढंच. माफी वगैरे काही नाही.

आई बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली, "ठावं हाय मला. लई बेस आठवतंय."

आणि देऊळ हसलं. म्हातारेही हसले. मी माईक धरून वेड्यासारखी रडत होते. इतक्या वर्षांत आईनं ते नाव ऐकलं होतं, असं तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. भावानं हे सगळं मोबाईलवर लाईव्ह केलं होतं.

दिवाळीनंतर कळलं की माझी कथा अंतिम फेरीत आहे. मी भावाला सांगितलं आणि तिथंच माती खाल्ली. त्या शहाण्यानं काय करावं? जाहिरातीतल्या चौकशीच्या नंबरवर देवळातला तो अख्खा व्हिडिओ पाठवला. खाली हात जोडलेले आणि मजकूर, 'आमच्या ताईची कथा गावात आधीच गाजली आहे. कृपया परीक्षकांना दाखवावे.' नोकरीच्या अर्जाला सरपंचाचा दाखला जोडतात तसा त्यानं तो जोडला होता. त्याला वाटलं, वजन पडेल.

पडलंच. स्पर्धेच्या संयोजकांचा फोन आला. आवाज अगदी गोड. "मॅडम, परीक्षकांना कथा फार आवडलीय हो. पण नियम असा की कथा आधी कुठेही प्रकाशित, प्रसारित किंवा सादर झालेली नसावी. तुम्ही तर सादर केलीत."

"देवीपुढे वाचली," मी म्हणाले. "आमच्यात रीत आहे तशी."

"ते ठीक आहे. यातून मार्ग आहे. व्हिडिओ काढून टाका आणि एक हमीपत्र द्या, की ही कथा कुठेही वाचली गेलेली नाही, व्हिडिओत आहे ती वेगळी. आम्ही काही खोलात जाणार नाही. अहो, वाडीतलं देऊळ, चार माणसं. ते काही खरे श्रोते नव्हेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खरे श्रोते नव्हेत, तर मग कथा सादर झालीच नाही की! नियम मोडला कुठे? नियमापुरती आमची माणसं मोजायची आणि एरवी ती माणसंच नव्हेत?"

"तुम्ही भावनिक होताय, मॅडम."

होणारच! भावनिक झाले म्हणून तर कथा लिहिली ना? ती तुम्हाला चालते. भावनिक झालेली बाई मात्र फोनवर चालत नाही. हे सगळं मी त्यांना बोलले नाही, याचा राग मला आजही येतो. "कळवते" म्हणाले आणि फोन ठेवला.

भाऊ भोरला धावत आला. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, "ताई, आत्ता डिलीट करतो, कुणाला कळणार बी न्हाई." त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. डिलीट करू नको म्हणून ओरडले की आधी पाठवलास कशाला म्हणून, ते माझं मलाच कळत नव्हतं. खरं सांगते, मला ते पुस्तक हवं होतं. माझ्या नावाचं, बरोबर अनुक्रमणिकेचं, दुकानात ठेवलेलं पुस्तक. हमीपत्र मोबाईलवर आलेलं होतं, फक्त सही करून पाठवायचं. त्या म्हाताऱ्यांना काय कळणार होतं? देवीला काय कळणार होतं?

शेवटी आईला फोन लावला. वाटलं होतं, ती तरी भडकेल. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मग दे की लिवून," ती म्हणाली. "वाचलीच न्हाई म्हून लिव. तुजं पुस्तक हुतंय ना?"

"आणि तू समोर बसली होतीस ते? काका बोलले ते?"

"न्हवते बसले म्हून लिव. कोन काय बोललंच न्हाई असं धरून चालायची सवय हाय मला. इतकी वर्सं धरलं, आता आनी धरीन. त्यात काय येवडं?"

मला राग आला, तिचाच आला, इतक्या सहज देऊन टाकते म्हणून. एकदा, फक्त एकदा त्या गावानं तोंडानं कबूल केलं होतं आणि तिनं सगळ्यांसमोर 'ठावं हाय मला' म्हणत ते पदरात घेतलं होतं. ते आता लेकीच्या पुस्तकासाठी परत द्यायला निघाली होती, भाजी निवडता निवडता.

"मी नाही लिहिणार तसं," मी म्हणाले.

"येडी हायस," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. बराच वेळ ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्या हमीपत्राची प्रिंट काढली. 'कुठेही वाचली गेलेली नाही' या ओळीवर पेनानं आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'ही कथा आमच्या वाडीच्या देवळात माईकवर वाचली आहे. जिच्यावर लिहिली ती समोर बसली होती.' सही केली, फोटो काढला आणि पाठवून दिला.